एका फ्रँकचे गुप्तधन

दक्षिण फ्रान्समध्ये पिरेनीज पर्वताच्या पायथ्याकडील डोंगराळ मुलखात, ओद नदीच्या खोऱ्यातून नागमोडी वाटेने वर चढत गेले असता, कूइझा या बाजारगावाच्या माथ्यावर, वाऱ्याला चोहोकडून उघड्या असलेल्या एका टेकडीवर रेन-ल-शातो नावाचे चिमुकले खेडे वसलेले आहे. त्याची कायम वस्ती आज शंभराच्याही आत आहे. गावात पेठ नाही, कारखाना नाही, एखादी मोठी लढाई तेथे झाल्याची स्मृती नाही; तथापि दरवर्षी सहस्रावधी प्रवासी ही चढण चढून येतात, ते केवळ एका खेडवळ कॅथलिक धर्मगुरूच्या नावाने. बेरांजे सोनिएर हे त्याचे नाव. तो ज्या चर्चचा कारभार पाहत असे, त्याला लागून असलेल्या जुन्या पाद्रीनिवासात आज त्याच्या स्मृतीचे वस्तुसंग्रहालय आहे. आणि त्यापलीकडे त्याने उभारलेली हवेली, बगीचा, अर्धवर्तुळाकार गच्ची व दरीवर डोकावणारा बुरूज ही सारी मिळकत आता ग्रामसंस्थेच्या ताब्यात आहे.

संग्रहालय म्हणावे तर लहानच. पूर्वी चर्चच्या वेदीला आधार देणारा, क्रूस व नक्षी कोरलेला एक प्राचीन दगडी स्तंभ, दोन कमानींखाली घोडेस्वारांच्या आकृती असलेली, अनेक शतके चर्चच्या फरशीत पालथी पडून राहिलेली एक शिळा, धर्मगुरूची पूजावस्त्रे, आणि आत लपवण्याजोगी खोबण असलेला एक जुना लाकडी कठडेखांब. पुराणवस्तूंच्या अभ्यासकाला या वस्तूंत मध्ययुगाच्या प्रारंभीची ग्रामीण शिल्पकला दिसेल. परंतु बाहेरून येणारा बहुसंख्य प्रेक्षक त्यांच्याकडे निराळ्याच दृष्टीने पाहतो. याच स्तंभाच्या पोटातून गुप्त दस्तऐवज निघाले, त्यांच्या आधारे या निर्धन पाद्र्याला अगणित द्रव्य सापडले, आणि ते रहस्य तो आपल्याबरोबर कबरीत घेऊन गेला, अशी कथा त्याने कोठेतरी वाचलेली वा ऐकलेली असते. ही कथा कशी जन्मली आणि तिच्या खाली कोणते सत्य गाडले गेले, याचा शोध घेणे हे एखाद्या पुरलेल्या हंड्याच्या शोधाहून अधिक उद्बोधक आहे.

सोनिएर हा त्याच प्रदेशाचा पुत्र. टेकडीवरून खाली पाहिले असता दिसणाऱ्या मोंताझेल या गावी ११ एप्रिल १८५२ रोजी त्याचा जन्म झाला. १८७९ साली त्याला गुरुदीक्षा मिळाली. आले या गावी साहाय्यक धर्मगुरू, मग ल क्ला या डोंगरी गावचा मुख्य धर्मगुरू अशा पायऱ्या चढत १ जून १८८५ रोजी, वयाच्या तेहेतिसाव्या वर्षी, तो रेन-ल-शातोच्या मग्दालिया मरियेच्या चर्चचा धर्मगुरू म्हणून रुजू झाला. चर्च फार प्राचीन, आणि तितकेच जीर्ण. छपरातून पाणी गळत होते आणि पाद्रीनिवास राहण्याजोगा उरला नव्हता. धर्मगुरूला सरकारी खजिन्यातून मिळणारे वेतन दरमहा पाऊणशे फ्रँकांच्या घरात होते. त्यावर पोट भरता आले असते, पण छप्पर शाकारता आले नसते.

धर्मगुरूला सरकारातून वेतन मिळावे ही गोष्ट आज चमत्कारिक वाटेल; परंतु नेपोलियनने पोपशी केलेल्या १८०१ च्या करारान्वये फ्रान्समध्ये तशी वहिवाट पडली होती, आणि सोनिएरच्या तारुण्यात त्या वहिवाटीवरच मोठा कलह माजला होता. एका बाजूला शाळा, न्यायालये व शासन धर्मसत्तेच्या प्रभावातून मुक्त करू पाहणारे प्रजासत्ताकवादी आणि दुसऱ्या बाजूला सिंहासनावर पुन्हा राजा बसावा व चर्चचे जुने वैभव परत यावे म्हणून झटणारे राजनिष्ठ, असे राष्ट्राचे उभे दोन तट पडले होते. सोनिएर कोणत्या तटात होता, हे त्याने रुजू झाल्यावर चारच महिन्यांत जाहीर करून टाकले. ऑक्टोबर १८८५ च्या निवडणुकीत त्याने व्यासपीठावरून प्रजासत्ताकाविरुद्ध उघड प्रवचन केले. तक्रार वर गेली, त्याचे वेतन तहकूब करण्याचा हुकूम सुटला आणि काही महिने त्याला नार्बोनच्या धर्मविद्यालयात अध्यापन करून काढावे लागले. १८८६ च्या उन्हाळ्यात तो परतला. त्याच्या निष्ठेची कदर करणारेही कोणी होते. राजपदाचा दावेदार म्हणून ज्याच्याकडे राजनिष्ठांनी आयुष्यभर आशेने पाहिले, त्या शांबोरच्या काउंटच्या विधवेने त्याला ३,००० फ्रँकांची देणगी दिली. आपल्या आवेशाची सत्तेकडून शिक्षा आणि श्रद्धावंतांकडून द्रव्य, हे दोन्ही धडे त्या तरुण धर्मगुरूला एकाच सुमारास मिळाले, ही गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे.

मग जीर्णोद्धाराला आरंभ झाला. १८८७ साली नवी वेदी बसली, रंगीत काचांच्या खिडक्या लागल्या. जुनी वेदी हलवताना तिचा स्तंभ मोकळा झाला. तो त्याने टाकून दिला नाही, तर १८९१ साली चर्चबाहेरच्या बागेत उलटा रोवून, त्यावर त्या वर्षाचा अंक व प्रायश्चित्ताचा पुकारा कोरून, वर लूर्दच्या पवित्र मातेची मूर्ती बसवली. मूळ स्तंभ आता संग्रहालयात असून बागेत त्याची प्रतिकृती उभी आहे. ज्या पोकळीतून दस्तऐवज निघाल्याचे सांगतात ती पाहू जावे, तर स्तंभाच्या माथ्यावर एक लहानशी खोबण तेवढी दिसते.

१८९१ च्याच २१ सप्टेंबरला सोनिएरने आपल्या रोजनिशीत एक थडगे सापडल्याची नोंद केली, आणि त्याच्या शेजारीच संध्याकाळी पाऊस पडल्याचीही. या एका नोंदीवर पुढे ग्रंथांचे मनोरे उभे राहिले. वास्तविक जुन्या चर्चची फरशी उखडली की खाली थडगे लागावे यात नवल नाही, आणि त्यात एखादा दागिना वा नाणे मिळाले असणेही अशक्य नाही. परंतु त्याचे खणणे तेथे थांबले नाही. तो स्मशानभूमीतही खोदकाम करू लागला, थडगी हलवू लागला. तेव्हा मार्च १८९५ मध्ये ग्रामस्थांनी प्रांताधिकाऱ्याकडे लेखी अर्ज केले. आपल्या मृतांच्या क्रुसांची व शिळांची उलथापालथ चालली असून ती दुरुस्तीसाठी नाही व शोभेसाठीही नाही, असे त्या साध्या शेतकऱ्यांचे गाऱ्हाणे होते. गावकऱ्यांच्या संशयाची लेखी खूण म्हणजे हा तक्रारअर्ज होय.

चर्चच्या अंतर्भागाला १८९७ पर्यंत नवे रूप आले. तुलूझ येथील जिस्कार यांच्या कारखान्यातून संतांच्या रंगीत मूर्ती, क्रूसाच्या वाटेची चौदा दृश्ये आणि पवित्र पाण्याचे कुंड आले. हे कुंड एका वाकलेल्या, डोळे वटारलेल्या सैतानाच्या खांद्यावर आहे, आणि त्याच्या वर चार देवदूत क्रूसाची खूण करीत उभे आहेत. प्रवेशद्वारावर, हे स्थान भयंकर आहे अशा अर्थाचे लॅटिन वाक्य कोरलेले आहे. गूढशोधकांना या दोन गोष्टींत सांकेतिक भाषेची किल्ली दिसते. परंतु ते वाक्य बायबलच्या उत्पत्तीच्या पुस्तकातील आहे. स्वर्गाकडे जाणाऱ्या शिडीचे स्वप्न पाहून जागा झालेला याकोब भयचकित होऊन ते उद्गारतो, आणि चर्चच्या प्रतिष्ठापनेच्या उपासनेत ते शतकानुशतके म्हटले जात आले आहे. तेथे भय याचा अर्थ देवाच्या सान्निध्यात वाटणारा आदरयुक्त थरार. सैतानाच्या पाठीवर लादलेले पाणी आणि त्यावर क्रूसाची खूण, हा देखावा अक्षरे न येणाऱ्या भाविकालाही क्षणात उमगावा इतका सरळ आहे. ज्याला ती उपासना परिचित होती त्याला यात कोडे दिसले नाही. ती भाषा विसरली गेली, तेव्हाच तिच्यात संकेत दिसू लागले.

खरे नवल पुढचेच आहे. १८९८ पासून सोनिएरने गावात जमिनी घ्यावयास प्रारंभ केला आणि १९०१ पासून पुढील काही वर्षांत तेथे एक संस्थानिकाला शोभावा असा थाट उभा केला. बेथानी नावाची हवेली, कारंजी व दूरदेशीची झाडे असलेला बगीचा, पशुपक्ष्यांचा संग्रह, काचगृह, आणि दरीच्या कडेला ‘मग्दाला’ हा नव-गॉथिक बुरूज, ज्यात त्याचे ग्रंथालय होते. खरेदीखते मात्र त्याच्या नावावर नव्हती. ती होती मारी देनार्नो हिच्या नावावर, म्हणजे घर सांभाळणाऱ्या व त्याच्याहून सोळा वर्षांनी लहान असलेल्या त्याच्या विश्वासू सेविकेच्या. एस्पेराझा या टोप्यांच्या कारखान्यांसाठी प्रसिद्ध असलेल्या शेजारच्या गावची ही मुलगी. १९०५ च्या डिसेंबरात फ्रान्समध्ये धर्म व शासन यांची फारकत करणारा कायदा झाला, धर्मगुरूंची वेतने बंद झाली, चर्चच्या वास्तू सरकारी मालमत्ता ठरल्या. अशा काळात ही दूरदृष्टी व्यवहारज्ञानाची साक्ष देणारी होती. ही हवेली वृद्ध धर्मगुरूंच्या निवासासाठी बांधली असल्याचे तो सांगे. पण एकही वृद्ध धर्मगुरू तेथे राहावयास आला नाही, आणि तो स्वतः अखेरपर्यंत जुन्या पाद्रीनिवासातच राहिला.

कार्कासोनचे बिशप बिलार यांनी १८९७ साली स्वतः येऊन नूतन चर्चला आशीर्वाद दिला होता. १९०१ च्या अखेरीस ते वारले आणि त्यांच्या जागी बिशप बोसेजूर आले, ते हिशेबाचे मोठे काटेकोर. इतका पैसा आला कोठून, हा प्रश्न त्यांनी विचारला. समाधानकारक उत्तर मिळेना, तेव्हा १९०९ च्या आरंभी सोनिएरची बदली कुस्तूज या गावी करण्यात आली. त्याने ती नाकारली व पदत्याग केला. नवा धर्मगुरू आला तरी गावातील माणसे सोनिएरच्या हवेलीतील खाजगी उपासनेलाच जात. अखेर १९१० साली धर्मपीठाच्या न्यायासनापुढे खटला उभा राहिला. आरोप असा होता, की त्याने मिस्सांचा, म्हणजे वेदीवर अर्पण करावयाच्या उपासनांचा, व्यापार केला.

या आरोपाचा अर्थ समजून घेतल्यावाचून सोनिएरचे रहस्य कळावयाचे नाही. कॅथलिक श्रद्धेनुसार मृताचा आत्मा शुद्धिस्थानात असताना त्याच्यासाठी अर्पण केलेली मिस्सा त्याला साहाय्यकारी होते. म्हणून घरात कोणी वारले, कोणी आजारी पडले, कोणाचा मुलगा परदेशी गेला, की भाविक धर्मगुरूकडे लहानशी दक्षिणा देऊन त्या हेतूने मिस्सा अर्पण करण्याची विनंती करतो. त्या काळी फ्रान्समध्ये ही दक्षिणा साधारणतः एक-दीड फ्रँक असे. धर्मनियम स्पष्ट आहे: जितक्या दक्षिणा घेतल्या तितक्या मिस्सा स्वतंत्रपणे म्हटल्या पाहिजेत, आणि सामान्यतः धर्मगुरू दिवसाकाठी एकच मिस्सा करतो, म्हणजे वर्षाला सुमारे ३६५. सोनिएर धार्मिक नियतकालिकांत जाहिराती देई, दूरदूरच्या मठांना व खाजगी व्यक्तींना पत्रे पाठवी, आपल्या दरिद्री धर्मग्रामाची करुणाजनक कहाणी कळवी, आणि प्रत्युत्तरादाखल टपालाने मनिऑर्डरी येत. एका माणसाला उभ्या आयुष्यात म्हणता येणार नाहीत इतक्या मिस्सांच्या दक्षिणा त्याने स्वीकारल्या. टेकडीवर सोने वर चढले ते टपालवाल्याच्या पिशवीतून.

न्यायासनाने जमाखर्च मागितला. त्याने अनेकदा मुदत वाढवून घेतली, प्रकृतीचे कारण सांगितले, आणि शेवटी सुमारे १,९३,००० फ्रँकांचा तपशील सादर केला. त्यात काउंटेसची देणगी होती, भाविकांच्या देणग्या होत्या, आणि नावे उघड करता येणार नाहीत असे अनामिक दातेही होते. पावत्यांची रुजुवात होईना. ५ नोव्हेंबर १९१० रोजी पहिला फैसला झाला आणि डिसेंबर १९११ मध्ये दुसरा, अधिक कठोर. त्या अन्वये त्याचे धर्मगुरूचे अधिकार काढून घेण्यात आले. रोमला दाद मागण्यात त्याची पुढील वर्षे व पैसा खर्ची पडला. महायुद्ध सुरू झाले, टपाल आटले, घेणेकरी दाराशी आले. हवेलीच्या धन्याला कर्ज काढावे लागले. अगणित सुवर्णाचा स्वामी कर्जासाठी हात पसरतो, या एका गोष्टीत गुप्तधनाच्या कथेचे पुरेसे खंडन आहे. जानेवारी १९१७ मध्ये त्याला अकस्मात झटका आला आणि २२ तारखेला त्याचे निधन झाले. त्याच्यामागे मारी राहिली. त्या ओसाड वैभवात छत्तीस वर्षे राहून, धन्याचे रहस्य न उघडता, तीही १९५३ च्या जानेवारीत त्याच्या शेजारी चिरनिद्रित झाली.

मनुष्याचा इतिहास येथे संपला, आणि आख्यायिकेचा सुरू झाला. मारीने १९४६ साली आपली सर्व मिळकत नोएल कोर्ब्यू नावाच्या एका उद्योजकाला दिली होती. या गृहस्थाने १९५५ साली हवेलीत उपाहारगृह व अतिथिगृह काढले. इतक्या आडवळणी टेकडीवर पाहुणे यावेत कसे? कोर्ब्यूपाशी कल्पनाशक्ती होती, पूर्वी एक गुप्तहेरकथाही त्याने लिहिली होती. धर्मगुरूला तेराव्या शतकातील राजमाता ब्लांश हिने दडवलेला राजकोश सापडला, ही कथा तो जेवावयास येणाऱ्यांना ऐकवी. जानेवारी १९५६ मध्ये ‘ला देपेश द्यू मिदी’ या वृत्तपत्राने ती तीन लेखांकांत छापली, आणि अब्जाधीश पाद्र्याचे नाव साऱ्या फ्रान्समध्ये दुमदुमले.

येथे गोव्याच्या एका सुपुत्राची आठवण होते, आणि ती अस्थानी नाही. कांदोळी येथे १७५६ साली जन्मलेला व पुढे फ्रान्समध्ये संमोहनविद्येचा आद्य प्रवर्तक म्हणून गाजलेला आबे फारिया हा मार्सेय व नीम येथे अध्यापक होता. म्हणजे तो याच दक्षिण फ्रान्समध्ये वावरला. त्याच्या मृत्यूनंतर पाव शतकाने आलेक्सांद्र द्यूमाने ‘माँते क्रिस्तोचा काउंट’ या कादंबरीत त्याचे नाव घेऊन एक विलक्षण पात्र निर्माण केले: कारागृहात खितपत पडलेला, ज्ञानी, गूढ धर्मगुरू, ज्याला अपार गुप्तधनाचा ठाव ठाऊक आहे. ती कादंबरी घरोघर वाचली गेली होती. कोर्ब्यूच्या पाहुण्यांना पाद्री आणि पुरलेले द्रव्य ही जोडी नवखी वाटली नसावी, तिच्यासाठी मनात जागा आधीच सारवून ठेवलेली होती. खऱ्या फारियाचा मृत्यू १८१९ साली पॅरिसमध्ये विपन्नावस्थेत झाला. कादंबरीने मात्र त्याला धनाचा राखणदार करून अमर केले. सोनिएरच्याही वाट्याला तेच आले.

पुढील अध्याय अधिक खेदजनक आहे, कारण तेथे भोळ्या कल्पनेची जागा हेतुपुरस्सर बनावटीने घेतली. पियेर प्लांतार या महत्त्वाकांक्षी गृहस्थाने १९५६ साली ‘प्रायरी ऑफ सायन’ नावाची एक संस्था नोंदवली, तिला धर्मयुद्धकालीन प्राचीनत्व बहाल केले, आणि स्वतः फ्रान्सच्या प्राचीन मेरोविंजियन राजवंशाचा वारस असल्याचे भासवले. या दाव्याला पुरावा हवा, म्हणून त्याचा मित्र फिलिप द शेरिसे याने सांकेतिक मजकुराची ‘प्राचीन’ चर्मपत्रे तयार केली. जेरार द सेद याने १९६७ साली आपल्या पुस्तकात ती छापली. १९८२ साली तीन इंग्रजी लेखकांनी त्यावर येशू व मग्दालिया मरिया यांच्या वंशावळीचा इमला चढवला. आणि २००३ साली डॅन ब्राउनने आपल्या जगप्रसिद्ध कादंबरीतील खून झालेल्या संग्रहालयप्रमुखाला सोनिएर हेच आडनाव दिले. कार्कासोनचे ग्रंथपाल रने देस्कादेयास यांनी १९७४ सालीच दप्तरे तपासून ही मिथ्यकथा उलगडून दाखवली होती. पण दप्तराचा आवाज नेहमीच हळू असतो.

या कोलाहलाची किंमत गावाने चुकवली. कुदळी, फावडी, कधी सुरुंगाची दारूही घेऊन लोक येऊ लागले, तेव्हा १९६५ साली ग्रामसंस्थेला परवानगीवाचून खोदकाम करण्यास मनाई करणारा हुकूम काढावा लागला. ज्या सोनिएरने एकेकाळी गावकऱ्यांच्या पूर्वजांची थडगी हलवली, त्याच्या स्वतःच्या थडग्यालाही स्वस्थता लाभली नाही. २००४ साली त्याचे अवशेष स्मशानभूमीतून उचलून त्याच्याच बागेत, बंदोबस्तात, पुन्हा पुरण्यात आले. २०१७ च्या एप्रिलात, राष्ट्राध्यक्षांच्या निवडणुकीच्या दिवशी, एका स्त्रीने चर्चमध्ये शिरून त्या कुंडधारी सैतानाच्या मूर्तीवर कुऱ्हाड चालवली.

आपल्याकडेही पडक्या वाड्याच्या भिंतीत मोहरांचा हंडा, किल्ल्याच्या तळघरात खजिना आणि त्यावर राखण करणारा भुजंग यांच्या गोष्टी गावोगाव ऐकू येतात, आणि त्यांच्या नादाने कित्येक चांगल्या वास्तू खणून जमीनदोस्त झाल्या आहेत. जेथे हिशेब ठेवला जात नाही अथवा ठेवून दडवला जातो, तेथे भुजंग येऊन बसतो. सोनिएरने बिशपपुढे एक सरळ खतावणी ठेवली असती, तर त्याला शिक्षा झाली असती, कदाचित तो विस्मृतीतही गेला असता. पण त्याच्या गावाची जमीन पोखरली गेली नसती.

म्हणून त्या लहानशा संग्रहालयाचे महत्त्व मला मोठे वाटते. आख्यायिकेने ज्या माणसाचे भूत केले, त्याला तेथील वस्तू पुन्हा माणूस करतात. हट्टी, सौंदर्याचा लोभी, आपल्या चर्चवर जीवापाड प्रेम करणारा आणि त्या प्रेमापायी धर्मनियम पायदळी तुडवणारा एक खेडवळ धर्मगुरू आपल्याला तेथे भेटतो. त्याने चोरी केली, पण ती राजांची नव्हे, मंदिरांची नव्हे. ज्यांनी पोटाला चिमटा घेऊन, आईच्या, पतीच्या वा अपत्याच्या आत्म्याला शांती लाभावी म्हणून कोठल्यातरी अनोळखी टेकडीवर एक फ्रँक पाठवला, आणि आता तिकडे प्रार्थना होत असेल या विश्वासाने दिवा मालवून जे झोपी गेले, त्यांची ती चोरी होती. बेथानीच्या भिंती, बगीच्यातील कारंजी, मग्दाला बुरुजाची प्रत्येक पायरी ही त्या न म्हटलेल्या मिस्सांनी बांधलेली आहे. त्या दात्यांसाठी टेकडीवर कोणी खणत नाही, त्यांच्या नावाचा शिलालेख नाही. बुरुजाच्या गच्चीवर उभे राहून दरीकडे पाहणाऱ्याने क्षणभर गुप्तधन विसरून त्या मृतांचे स्मरण केले, तर एका प्रार्थनेचे तरी देणे फिटेल.